माईक नंतर घ्या, आधी पंखा बंद करा

"पॉडकास्ट सुरू करायचाय, माईक कुठला घेऊ?" असा मेसेज कुणाचा ना कुणाचा येतच असतो आणि मी प्रत्येकाला उलट एकच विचारते, बसणार कुठल्या खोलीत आहेस ते सांग. समोरच्याला लिंक हवी असते, खोलीचं काय घेऊन बसलीस असं वाटतं. पण माझं ठाम मत आहे की घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने पैसे सगळ्यात शेवटी माईकवर घालवावेत, कारण महागातला माईक पण टाइल्सच्या मोकळ्या खोलीत त्या मोकळ्या खोलीचाच आवाज देतो, फक्त जास्त स्वच्छ देतो.

मी मिरजेत राहते आणि माझ्या पॉडकास्टमधे बहुतेक वयस्कर माणसं येतात, हाताने काहीतरी घडवणारी, त्यात तंबोरे-सतारी करणारे जास्त. २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे ही त्या गावचीच खास वस्तू असल्याचा सरकारी शिक्का, मिळालं तेव्हा बाहेरचे बरेच कॅमेरे येऊन गेले, पण ही माणसं तासभर निवांत बोलतात ते त्यांच्या घरी, त्यांच्या दुकानात, चहा झाल्यावर. त्यामुळे माझ्याकडे स्टुडिओ नाही आणि मला तो नकोही आहे. ऐंशीच्या घरातल्या काकांना स्टुडिओत नेऊन कानावर हेडफोन चढवला तर ते भाषण देतात, गप्पा मारत नाहीत. म्हणून खाली जे काही लिहितेय ते दुसऱ्याच्या घरी जाऊन, हाताशी असेल त्यात चांगला आवाज कसा मिळवायचा याबद्दल आहे.

तर खोली. आजकालच्या घरांमधे खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर सिमेंटचा स्लॅब, भिंतींना प्लास्टर आणि त्यावर एक घड्याळ. आवाज कुठेच मुरत नाही, आपटून परत येतो. खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा, मागे टण्ण असं काही रेंगाळलं तर ती खोली नको. हॉल बहुतेक वेळा नापास होतो, आणि यजमान तर हौसेने हॉलमधेच बसवतात. त्यांना सांगायचं, काकू आपण आत बसूया का, आणि जिथे गाद्यांची चळत, गोधड्या, कपड्यांचं कपाट असेल त्या खोलीत शिरायचं. कपाटाची दारं उघडी ठेवायची. खाली सतरंजी, बोलणाऱ्याच्या मागे दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या, एवढ्यावर जो फरक पडतो तो पैसे देऊन आणलेल्या पातळ फोमच्या चौकोनांनी पडत नाही. पातळ फोम फक्त वरचे, बारीक आवाज खातो. अंड्याचे ट्रे भिंतीला लावायचा प्रकार तर सोडूनच द्या. आणि गोधडी असो की फोम, दोन्हीने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरचा हॉर्न आत यायचा थांबत नाही. त्यासाठी जाड भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं, ते आपल्या हातात नाही, आपल्या हातात आहे ती वेळ.

सकाळी घंटागाडी, मग भाजीवाले, मग भंगारवाला, संध्याकाळी आरती आणि क्लासला जाणारी पोरं. दुपारी दोन ते चार गल्ली झोपते, माझं बहुतेक काम तेव्हाच होतं. मेंटेनन्ससाठी लाइट जाणार असा मेसेज आला तर मी मुद्दाम ती वेळ धरते, कारण रेकॉर्डर सेलवर चालतो आणि घरातलं सगळं गुणगुणणारं सामान एका झटक्यात गप्प होतं, फक्त इन्व्हर्टर चालू राहणार असेल तर त्याच्यापासून लांबच्या खोलीत बसायचं. एरवी पंखा बंद. एप्रिल-मे मधे हे सांगायला जीवावर येतं, म्हणून मी दर वीसेक मिनिटांनी थांबते, पंखा लावते, पाणी देते, परत बंद करते. पंखा दोन बाजूंनी त्रास देतो, एक त्याची घरघर आणि दुसरं म्हणजे त्याचा वारा थेट माईकवर येतो. फ्रीज पण बंद करायचा, आणि स्वतःच्या गाडीची किल्ली त्या फ्रीजमधे ठेवायची. सिनेमाच्या साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे, किल्ली घेतल्याशिवाय तुम्ही जाऊच शकत नाही त्यामुळे फ्रीज परत चालू करायचा राहत नाही. दुसऱ्याच्या घरचं दूध नासवून येणं बरं नव्हे.

आता अंतर. माझ्या मते सगळ्या रेकॉर्डिंगमधे हीच एक गोष्ट नीट जमली तर निम्मं काम झालं. तोंड आणि माईक यात चार बोटं ते एक वीत, एवढंच. अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने खाली येतो, पण खोलीचा घुमारा आहे तेवढाच राहतो, मग तुम्ही एडिटमधे आवाज वाढवता तेव्हा घुमाराही वाढतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं माणूस बाथरूममधून बोलतोय. जवळ गेल्यावर कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या, माईकला खालचा, भारदस्त आवाज थोडा जास्त येतो, याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात, आणि वयामुळे ज्यांचा आवाज बारीक किंवा कापरा झालाय त्यांना याचा फार छान फायदा होतो. अशा आज्यांना मी चार बोटांवर ठेवते. खणखणीत आवाजाच्या काकांना वीतभर.

जवळ गेलं की दुसरा प्रश्न येतो तो प, फ, ब, भ चा. तोंडासमोर तळहात धरून "पण भाऊ बघा" म्हणून बघा, हवेचा फटका लागतो. हाच फटका माईकवर बसला की धप्प असा आवाज येतो. आणि मराठी माणूस बोलायला लागला की दर दुसरं वाक्य "पण" ने सुरू होतं, त्यामुळे आपल्याला हा त्रास भरपूर. पॉप फिल्टर, म्हणजे माईकपुढची हवा अडवणारी जाळी, लावा, पण त्याहून जास्त उपयोग माईक तोंडासमोरून बाजूला सरकवण्याचा होतो. माईक ओठांच्या कोपऱ्याकडे रोखलेला, साधारण ४५ अंशात, म्हणजे हवा सरळ निघून जाते आणि आवाज तेवढा माईकला मिळतो. "चार चमचे जास्त" मधला च आणि ज, शिवाय स आणि श, यांची शिट्टी पण अशाने थोडी कमी होते. उरलेली शिट्टी एडिटमधे डी-एसरने, म्हणजे ती शिट्टी दाबणाऱ्या इफेक्टने, ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, पण हलक्या हाताने, नाहीतर माणूस बोबडा वाटायला लागतो.

माईकबद्दल आता बोलू. घरात, दुकानात, रस्त्याला लागून असलेल्या खोलीत डायनॅमिक माईक घ्या. कंडेन्सर फार बारकाईने ऐकतो, त्याला बहुतेक वेळा ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या केबलमधूनच येणारी वीज, लागते आणि शांत खोलीत तो सुंदरच वाजतो, पण शेजारच्या कुकरची शिट्टी पण तो तितक्याच प्रेमाने ऐकतो. डायनॅमिकला जवळचंच ऐकू येतं, आपल्याला तेच पाहिजे. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून चालत आलेला माईक, जाळीदार गोल डोक्याचा, ऑर्केस्ट्रात आणि कीर्तनात हातात दिसतो तसाच, बोलण्यासाठी आजही झकास आहे. सुरुवात करणाऱ्यांना मी सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स सांगते, दोन्हींना यूएसबी आणि एक्सएलआर (माईकची तीन पिनांची जोडणी) अशी दोन्ही तोंडं आहेत, म्हणजे आज लॅपटॉपला सरळ लावा आणि उद्या इंटरफेस (असा माईक लॅपटॉपला जोडणारा डबा) घेतलात तर माईक बदलायला नको. यूट्यूबवर सगळ्यांच्या पुढ्यात दिसतो तो एसएम७बी, तो चांगलाच आहे, पण त्याला साधारण ६० डेसिबल गेन लागतो, म्हणजे त्याचा आवाज तेवढा वाढवून घ्यावा लागतो. स्वस्तातला इंटरफेस तेवढा ताणला की सूं असा आवाज सुरू होतो आणि मग त्याच्यासाठी वेगळा बूस्टर घ्या, स्टँड घ्या, असं ते वाढतच जातं. पहिला माईक म्हणून मी तो कुणालाच सुचवणार नाही.

आणि कॉलर माईक. बोया बीवाय-एम१ आपल्याकडे अक्षरशः घरोघरी पोचलाय, ६ मीटरची वायर, आत बटणासारखा एलआर४४ सेल आणि एक छोटा स्विच, एका बाजूला फोनसाठी, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यासाठी. ज्यांना समोर माईकचा दांडा दिसला की बोलणंच सुचत नाही अशांसाठी कॉलर माईक हा एकच उपाय, आणि माझ्याकडे असे निम्मे लोक असतात. फक्त तो लावायचा कुठे याला डोकं लागतं. साडी नेसलेल्या मावशींना खांद्यावरच्या पदराच्या पिनेपाशी लावला तर त्या दुसरीकडे वळल्या की आवाज गेला, म्हणून छातीच्या मधोमध, हनुवटीपासून वीतभर खाली, पदराच्या घडीवर. मंगळसूत्र माईकवर घासत असेल तर ते हळूच एका बाजूला घ्यायला सांगायचं. शिवाय माईकची वायर उलट बाजूने वळवून तिचा एक छोटा वेटोळा माईकच्या क्लिपमधे अडकवायचा, म्हणजे वायर ओढली गेली तरी खरखर माईकपर्यंत येत नाही. स्टार्च केलेली कडक साडी कुरकुरते, मऊ सुती असेल तर देवच पावला. पुरुषांना नेहरू शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी. बांगड्या वाजतातच. पण "हात हलवू नका" असं मी कधीच सांगत नाही, ज्यांनी आयुष्यभर हाताने काम केलं त्यांचे हात थांबवले की त्यांचं बोलणं पण थांबतं. मांडीवर एक उशी देते, हात तिच्यावर आपटले तर आवाज होत नाही. बांगड्यांची किणकिण राहू दे थोडी, ऐकायला वाईट वाटत नाही.

एक खास मिरजेतली गोष्ट सांगते, कारण ती मला कुठल्याच गाइडमधे वाचायला मिळाली नाही. तंबोऱ्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला की तो दोन-तीन सेकंदात विरतो, येतो-जातो, कधी कधी गायबच होतो, आणि लोकांना वाटतं फोनचा माईक खराब आहे. माईक ठीक असतो. फोनमधलं, आणि व्हिडिओ कॉलच्या ॲपमधलं, नॉइज सप्रेशन असं ठरवतं की जो आवाज सारखा बदलतोय तो माणूस आणि जो एकसारखा चालू आहे तो पंखा. तंबोरा एकसारखाच वाजतो, तोच तर त्याचा गुण, म्हणून मशीन त्याला पंखा समजून पुसून टाकतं. ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्यांना हे चांगलंच माहीत आहे, झूम कॉलमधे त्यासाठीच ओरिजिनल साउंड नावाचा पर्याय आहे, तो चालू करायचा. रेकॉर्डिंगला मात्र सरळ रेकॉर्डर वापरावा, झूम एच१एन सारखा छोटा पण चालतो (ही झूम वेगळी, जपानी कंपनी, कॉलवाली नव्हे), आणि त्यातलं आवाज आपोआप कमीजास्त करणारं लिमिटर, ऑटो लेव्हल वगैरे सगळं बंद. रेकॉर्डर घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, समोर हातभर अंतरावर, जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, तिथूनच नीट ऐकू येते, भोपळ्याला चिकटवला तर नुसता घुम घुम.

तसंच फिल्टरचं. बोलण्यासाठी ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकायचं असा सगळे सल्ला देतात आणि तो बरोबरच आहे, ट्रकची गडगड, टेबलाचा धक्का सगळं त्यात जातं. पण काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा सूर, साधारण ६९ हर्ट्झला असतो. डोळे झाकून फिल्टर टाकलात तर खर्जाचा पायाच गेला. म्हणून बोलण्याचा ट्रॅक वेगळा आणि वाद्याचा वेगळा, दोघांना वेगळी वागणूक.

वेगळ्या ट्रॅकवरून आठवलं, दोन माणसं असतील तर दोन माईक आणि दोन ट्रॅक, याला पर्याय नाही. एकाला खोकला आला तर दुसऱ्याचं वाक्य वाचतं. दोन माईकमधलं अंतर हे प्रत्येकाच्या तोंड-माईक अंतराच्या निदान तिप्पट ठेवायचं, नाहीतर एकाचा आवाज दोन्हीकडे शिरून पोकळ वाटतो. टेबलावर माईक ठेवणार असाल तर खाली टॉवेलची घडी, कारण कप ठेवला तरी दणका येतो.

लेव्हल घेताना "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणायला लावू नका. त्या आवाजात पुढे कुणीच बोलत नाही. "काका, आज जेवायला काय होतं?" असं विचारा, आमटी-भाकरीचं वर्णन सुरू झालं की खरा आवाज लागतो. तेव्हा मीटरवर सगळ्यात उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास, फार तर उणे ६, यापेक्षा वर नाही, कारण पहिल्या दहा मिनिटांनंतर माणूस रंगात येतो, हसतो, मधेच एखादी ओवी म्हणतो. २४ बिटवर रेकॉर्ड केलं तर आवाज थोडा खाली राहिला तरी नंतर बिनधास्त वाढवता येतो, पण वर जाऊन फाटला की तो गेला तो गेला. आता ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आलेत, झूम एफ३, एच१इसेन्शियल वगैरे, त्यात गेनची काळजी जवळजवळ नाहीच, एकटीने मुलाखत पण घ्यायची आणि मीटर पण बघायचा अशांसाठी हे खरंच वरदान आहे.

हेडफोन मात्र हवाच, आणि वायरचा, कान पूर्ण झाकणारा. माईकआधी हा घ्या म्हणते मी. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. खोलीत बसून आपल्या कानांना फ्रीज ऐकूच येत नाही, मेंदू तो गाळून टाकतो, हेडफोन घातला की लगेच कळतं. एक बारीक गूंऽऽ ऐकू आली तर बहुतेक वेळा ती मेन्सची, म्हणजे घरच्या विजेची, ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीतली असते, अर्थिंग धड नसलेल्या घरात लॅपटॉपचा चार्जर लावला की येते. चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, नव्वद टक्के वेळा तिथेच विषय संपतो.

रेकॉर्डिंग सुरू झालं की पहिल्यांदा मी नाव, गाव, तारीख आणि "हे रेकॉर्ड करून लोकांना ऐकवलं तर चालेल ना?" हे त्यांच्याच तोंडून घेते. संमती पण झाली आणि फाइल कुणाची हे पण कळलं. आणि उठायच्या आधी अर्धा मिनिट कुणीच बोलायचं नाही, नुसती खोली रेकॉर्ड करायची. घरातली लहान मुलं या अर्ध्या मिनिटाचा खेळ करतात, छान गप्प बसतात. एडिटमधे जिथे काही कापाल तिथे खोलीची ही शांतता भरायची, नाहीतर मधेच आवाज एकदम बंद पडल्यासारखा दचका बसतो.

पाहुणा लांब असेल, समजा न्यू जर्सीत तंबोरा नेलेली एखादी गाणं शिकवणारी ताई असेल, तर कॉलचा आवाज रेकॉर्ड करू नका. रिव्हरसाइड किंवा झेनकास्टर या ऑनलाइन रेकॉर्डिंगच्या साइटवर प्रत्येकाचा आवाज त्याच्या त्याच्या मशीनवर रेकॉर्ड होऊन मग वर चढतो, नेट अडखळलं तरी फाइल धड राहते. तेही नको असेल तर तिला सांगा फोनचा व्हॉइस रेकॉर्डर चालू करून समोर ठेव आणि सुरुवातीला एक टाळी वाजव, त्या टाळीवर दोन्ही ट्रॅक जुळतात. तासाभराच्या गप्पा असतील तर शेवटी पण एक टाळी, कारण दोन मशीनची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत आणि शेवटाकडे थोडं मागेपुढे होतं. ब्लूटूथ इयरबड्सचा माईक वापरू देऊ नका, तो चालू झाला की आवाजाची प्रत एकदम टेलिफोनवर येते.

एडिटिंगला ऑडॅसिटी, २००० पासून फुकट मिळतंय आणि पॉडकास्टला पुरून उरतं. नॉइज रिडक्शन करायचं तर ती अर्ध्या मिनिटाची शांतता सिलेक्ट करून आधी नॉइज प्रोफाइल घ्या, मग पूर्ण ट्रॅक सिलेक्ट करून ६ डेसिबल, फार तर १२. त्यापुढे गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आणि बारीक आवाज एकमेकांजवळ आणणारा इफेक्ट, २:१ किंवा ३:१. शेवटी लाउडनेस, स्टिरिओ असेल तर उणे १६ एलयूएफएस (आवाज एकूण किती मोठा वाटतो त्याचं माप), मोनो असेल तर उणे १९, आणि टोक उणे १ डेसिबलच्या खाली. ॲपलची शिफारस उणे १६ ची आहे, स्पॉटिफाय उणे १४ ला आणून वाजवतं, उणे १६ वर ठेवलं तर दोन्हीकडे ठीक वाजतं. हे हाताने करायचा कंटाळा असेल तर ऑफॉनिक ही वेबसाइट महिन्याला २ तास फुकट करून देतं.

एका बटणात आवाज स्टुडिओसारखा करून देणारी एआयवाली टूल्स आहेत, बातम्यांच्या स्पष्ट आवाजाला ती छान लागू पडतात. माझ्या पाहुण्यांवर मी ती वापरत नाही. दात पडलेल्या आजींचा शब्द, सांगली-मिरजेकडचं बोलणं, मधेच कानडीचा हेल, हे त्या टूल्सना समजत नाही आणि ती अक्षरं स्वतःच्या मनाने गुळगुळीत करून टाकतात. आजींचा आवाज आजींचाच राहिला पाहिजे, थोडी घरघर आली तरी चालेल. कापाकापीचंही तसंच, "काय म्हणतात ते" आणि त्यानंतरचा तो आठवण्याचा थांबा मी ठेवते. खोकला, फोनची रिंग, माझे स्वतःचे हं-हं, तेवढे काढते. मुलाखत घेणाऱ्याने हुंकार तोंडाने न देता मानेने द्यावा, निम्मं एडिटिंग वाचतं.

फाइल्सचं गणित साधं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ एमबी, तासाला पाचशेच्या थोडं वर, दोन ट्रॅक धरले की एक जीबी. ही मूळ फाइल कधीच डिलीट करू नका, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, नावात तारीख आधी टाका. लोकांना द्यायची एमपी३ नुसत्या बोलण्याची असेल तर मोनो ६४ केबीपीएसला पण चालते, तासाला २९ एमबी, मोबाइल डेटा मोजून वापरणाऱ्यांना हे बरं पडतं. तंबोरा वाजणार असेल तर १२८ च्या खाली जाऊ नका, जवारीची झणझण कमी बिटरेटला फाटते. घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे फाइल आहे तशी पोचते.

आणि अपलोड करायच्या आधी एक टेस्ट जी मी हेडफोनवर करत नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय, त्या काकांची सून, नातवंडं, गल्लीतले लोक, ते फोन ओट्यावर ठेवून भाजी चिरताना ऐकणार, स्पीकरवर. म्हणून मी पण जुन्या फोनवर, एक्झॉस्ट चालू ठेवून, नळ चालू ठेवून ऐकते. वाक्याचं शेवटचं क्रियापद ऐकू येत नसेल, आपल्याकडे वाक्याच्या शेवटी आवाज पडतोच, तर परत जाऊन २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने वर घेते, कॉम्प्रेसर जरा वाढवते, पुन्हा ओट्यावर ठेवून ऐकते. सगळे "होतं", "केलं", "गेलं" स्पष्ट आले की मग अपलोड.